वासाची डबी

सकाळी पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत भिमाबाईला एक काम उरकायचं असे. कुंकवाची असते तेवढी पत्र्याची डबी, तिच्यात कापसाचा बोळा आणि बोळ्यावर त्या दिवसाचा वास. कधी चुरगळलेला ओवा, कधी बडीशेप, कधी लसणाची ठेचलेली पाकळी. झाकण दाबायचं, वर रबर चढवायचं आणि डब्यांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवायची. हे काम तिला कारखान्याच्या साहेबानं दिलं होतं. साहेबानं काम दिलं म्हटल्यावर बाईचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नव्हते.

नगरच्या एमआयडीसीत ती मेस चालवायची. मेस म्हणजे काय, तर पत्र्याच्या चाळीतल्या दोन खोल्या. एकीत शेगडी आणि पिठाचे डबे, दुसरीत सतरंज्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तिचा मालक रखमाजी तिकडं जामखेडच्या अंगाला गावात शेरडं राखत होता. इथं ती, लेक प्रवीण आणि सून आरती. प्रवीण समोरच्याच कारखान्यात प्रेस मशीनवर होता. मोटारींचे पत्र्याचे पार्ट दाबायचं काम. दिवसभर धाड धाड. घरी आला तरी तासभर ओरडूनच बोलायचा.

मेस काढली तेव्हाचे दिवस भिमाबाई विसरली नव्हती. गिऱ्हाईक यायचं, सतरंजीवर बसायचं, मान वर करून भिंतीकडं बघायचं. मग गाव विचारायचं, आडनाव विचारायचं. "जरा जाऊन येतो मावशी," म्हणायचं, आणि चप्पल घालून गेलेलं माणूस परत काही फिरकायचं नाही. वाढलेल्या ताटातल्या आमटीवर साय धरायची. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, पण नळावर कानावर यायचंच की, तिच्या हातचं नको. मग एक दिवस पाथर्डीकडचा कारभारी नावाचा गडी आला. बाप्या अंगानं आडवा, तोंडानं फाटका. त्यानं भिंत बघितली, भिमाबाईला बघितलं, आणि मांडी ठोकून म्हणाला, "वाढ मावशी. पोटात आग पडलीय आन तू बघत काय बसलीस?" पाच भाकरी खाल्ल्या गड्यानं. दुसऱ्या दिवशी येताना आपल्या खोलीतली चार पोरं घेऊन आला. त्याच्यामागं मेस भरली. तेव्हापासून कारभारीच्या ताटात तूप पडायचं, आणि ते बाकीच्यांना दिसू नये म्हणून भाताखाली पडायचं. दिसायचं ते दिसायचंच.

करोनाचं पहिलं साल सगळ्यांनी गावाकडं काढलं. शाळेत डांबलं होतं, गावानं लांबून पाणी ओतलं होतं, ते सगळं भोगून झालं होतं. दुसऱ्या साली रोग पुन्हा उसळला, पण कारखाना बंद झाला नाही. खरी भानगड तिथंच होती. गेटावर आसाराम वॉचमन कपाळाला तापाची बंदूक लावायचा. पोरं म्हणायची, कपाळातनं मेंदूत काहीतरी जातं. म्हणून मनगट पुढं करायची. आणि ज्याला ताप असेल तो गोळी गिळूनच यायचा. नळावर तोंड धुतल्यासारखं करायचं, कपाळाला गार पाणी मारायचं, की बंदूक बापडी काय सांगणार? घरी पाठवलं की हजेरी गेली. आणि खोलीवर गेलं तर खोलीवाले आत घेईनात. तापापेक्षा त्याचं भ्या जास्त.

कारखान्यात शौनक साहेब म्हणून एक तरणा साहेब होता. पुण्याकडचा, बोलायला गोड. त्यानं कुठंतरी वाचलं की या रोगात माणसाचा वास जातो. पोरांचे दुपारचे डबे गेटावर द्यायला गेलेल्या भिमाबाईला त्यानं बाजूला घेतलं.

"मावशी, तापाला गोळी आहे, वासाला गोळी नाही. तुम्ही रोज एक वास करून द्या. वेगवेगळा. आसाराम गेटवर प्रत्येकाला विचारेल, कसला वास आहे. चुकला तो आत नाही. मात्र काय घातलंय ते आसारामशिवाय कुणाला सांगायचं नाही हं."

"न्हाई सांगत साहेब," भिमाबाई म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

झालं. सकाळच्या पाळीला रांग लागायची. एकेकानं पुढं यायचं, मास्क हनुवटीवर ओढायचा, डबीत नाक खुपसायचं, वास सांगायचा, मास्क वर, आत. त्याच डबीत पुढच्याचं नाक. साऱ्या पाळीची नाकं एका डबीत! ही तपासणी बरं का. साहेब शिकलेला होता, आसारामच्या अंगावर खाकी होती, तेव्हा कुणाच्या टाळक्यात काही आलं नाही. आलं असतं तरी बोललं कोण असतं?

पहिल्या हप्त्यात सापडला तो अजिनाथ. हा तिच्याच तालुक्यातला, वाळक्या अंगाचा, मुका राहणारा. त्याला तपकिरीची सवय. नाकात चिमूट कोंबल्याशिवाय त्याला दिवस उजाडत नसे. त्याच्या नाकाला वीस वर्षांत कशाचा वास ठाऊक नव्हता. आसारामनं डबी धरली. अजिनाथनं ओढून ओढून बघितलं, शिंकला, आणि "काय की," म्हणाला. पुढं काय व्हायचं? दिला हाकलून. खोलीतल्यांनी त्याची वळकटी बाहेर काढून ठेवली. तो दोन रात्री गटारावरच्या पुलाला टेकून बसला होता. भिमाबाई त्याला लांबनं ताट सरकवायची. खाताना म्हणाला, "मावशी, मला काय झालेलं न्हाई गं. मला वासच येत न्हाई कित्येक वर्सं. आता कुनाला सांगू?"

तिचं काळीज हललं. तो परत कामावर जायला निघाला त्या सकाळी तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि खाली वाकून म्हणाली, "आज ओवा."

अजिनाथनं मान हलवली. पण सतरंजीवर बसलेल्यांचे कान काय खुंटीला टांगलेले नव्हते. कारभारीनं तिथनंच आवाज दिला.

"व्वा मावशी! अजिनाथला सांगती आन आमी काय सावत्र व्हय? माझं तर सर्दीनं नाक चोंदलंय. मला हाकललं तर तुझी आमटी कोन संपवील?"

"गप रं मेल्या. साहेबाला कळलं म्हंजी?"

"साहेब काय जेवाया येतोय व्हय हितं?"

सगळे हसले. तीही हसली. आणि मग ते चालूच झालं. भाकरी वाढताना मीठ विचारावं तसं ती सांगून जायची, आज बडीशेप, आज कांदा, आज कापूर. कुणी विचारायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. जेवणाबरोबर वासही मिळायचा. मेस बहरली. दुसऱ्या मेसातली दोघंचौघं हिच्याकडं आली. तिला वाटायचं, आपण पोरांची हजेरी वाचवतोय. खरंच वाटायचं. त्यात तिचा काही डाव नव्हता.

आणि मग कारभारी पडला.

मशीनवरच पडला. प्रवीण शेजारच्या प्रेसवर होता, त्यानंच पहिलं धरलं. ओठ काळेनिळे, बोलता येईना. ॲम्ब्युलन्स आली, नेलं. खाट मिळायला इकडून तिकडं झालं, मिळाली, पण छातीत काही उरलंच नव्हतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी अंगावर काढलंय यानं. आठवडाभर! म्हणजे त्या सगळ्या सकाळी कारभारी रांगेत उभा राहिला, डबीत नाक घातलं, "बडीशेप" म्हणाला, "कांदा" म्हणाला आणि छातीत मरण घेऊन आत गेला. त्याला परस्पर अमरधामात नेऊन जाळलं. तोंड दिसलं नाही कुणाला.

त्याच्या बायकोचा फोन प्रवीणच्या मोबाईलवर आला. तिला भिमाबाईशीच बोलायचं होतं.

"तुमीच का मावशी?" तिकडनं आवाज आला. रडून रडून बसलेला. "रोज सांगायचे मला. मावशीच्या हातचं खातो, म्हनायचे, काळजी करू नको. मावशी, शेवटच्या दिशी जेवले का हो पोटभर?"

"जेवला गं बाई," भिमाबाई म्हणाली. खोटं बोलली. शेवटच्या दिवशी त्यानं ताटात हात फिरवला होता आणि उठून गेला होता. भातातलं तूप तसंच राहिलं होतं. तेव्हा तिला राग आला होता, म्हणाली होती, माजलाय मेला.

फोन ठेवला आणि ती शेगडीपुढं बसून राहिली. आरतीनं विचारलं, "आत्या, कणीक मळू का?" आपल्या जिभेनं माणूस मेलं, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं तेव्हा ती उठून बाहेर गेली आणि मोरीत ओकली. दुसऱ्या सकाळी मात्र सतरंजीवर माणसं बसली, भाकऱ्या पडल्या, आणि माणसं तिच्या तोंडाकडं बघायला लागली. नुसती बघत राहिली. तिनं सांगितलं, "आज लसून." काय करणार? न सांगावं तर अजिनाथ पुन्हा पुलावर. सांगावं तर कारभारी डोळ्यापुढं.

ऊन असं तापलं होतं की पत्र्याखाली दुपारी पाण्याचा माठसुद्धा कोमट व्हायचा. एक दिवस सकाळची आमटी झाकून ठेवली ती संध्याकाळपर्यंत आंबली. झाकण काढल्याबरोबर आरतीनं पदर नाकाला लावला. "आत्या, फेकते ही." पण तेवढ्यात प्रवीण पाळीवरून आला. हातपाय धुतले, पातेलं पुढं ओढलं, भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि खायला लागला.

दोघी बघतच राहिल्या. प्रवीणचं नाक म्हणजे घरातलं एक दुखणं होतं. लहानपणी दूध जरा लागलेलं असलं तर हा ताट ढकलून द्यायचा. आरती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या चपातीला काय वास येतो आणि काय नाही हे नाकानं कांदे सोलत सांगायचा. आणि तोच गडी आंबलेली आमटी भुरके मारून खात होता.

"चव कशी हाय रं?" भिमाबाईनं हळूच विचारलं.

"ब्येस हाय की."

आरतीनं सासूकडं बघितलं.

"प्रवीण, तुला बरं हाय ना?"

"काय झालंय मला? दमलोय नुसता."

"छाती दुखती का?"

"आई, खाऊ देती का उठू?"

जेवण झाल्यावर तो दाराबाहेर बाजेवर पडला. ती जाऊन पायथ्याशी बसली. त्याचा श्वास ती ऐकत होती. दोन वाक्यं बोलला की मध्ये थांबत होता.

"दवाखान्यात जाऊ उद्या. नाकात काडी घालून बघत्यात."

"आन मग? पंधरवडाभर पडून राहू? माझ्या मशीनवर दुसरा बसंल. माझ्या मागून आलेली बिहारची पोरं कवाची टपून हायेत. परमनंट करायचं चाललंय आई, तुला कळत कसं न्हाई? आन तुझी मेस? घरात निघालं म्हनलं तर उद्या कोन शिवंल तुझ्या ताटाला? आधीच..." तो थांबला. दम लागला होता की पुढचं बोलायचं नव्हतं, ते तिला कळलं नाही. "मला काय बी झालेलं न्हाई. वास येतोय मला. काल लसून म्हनलो का न्हाई?"

"मीच सांगितलं हुतं, लसून."

प्रवीणनं कूस बदलली.

आता याला म्हणावं तरी काय! स्वतःच्या पोराला विचारायची सोय तिनं स्वतःच्या हातानं घालवली होती. नाक खरं बोलतंय की आईची जीभ, कोण सांगणार? ती भांडी घासत राहिली, एकच परात तीन-तीनदा घासली. एकदा वाटे, सर्दी असेल. एकदा वाटे, याचीही छाती आतनं खाल्ली जात असेल आणि आपण भाकऱ्या थापत बसलोय. कारभारीही म्हणत होता की सर्दी आहे.

सकाळी ती उठली ती मन घट्ट करून. कैरीच्या लोणच्यासाठी आणलेला खडा हिंग डब्यात होता. आरती नळावर गेल्याचं बघून तिनं दगडानं तो कुटला, तेलात कालवला आणि बोळा त्यात बुडवून डबीत कोंबला. हिंग कसला, नुसता भडका! डबी तिनं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली आणि कमरेला खोचली. मग भाकऱ्या वाढल्या. रोजच्यासारखं वाकून एकेकाला सांगितलं, "आज लवंग." प्रवीणलाही सांगितलं. प्रवीण ताटाकडंच बघत होता. त्यानं अर्धी भाकरी ठेवली.

तिचा हिशोब सरळ होता. ज्याचं नाक शाबूत आहे तो हिंगच म्हणेल, दचकून म्हणेल. ज्याचं गेलंय तो लवंग म्हणेल. दूध का दूध, पाणी का पाणी. पोरगा हिंग म्हणाला तर घरी जाऊन ती बाबासाहेबांपुढं दिवा लावणार होती.

गेटावर आसाराम खुर्चीत बसला होता. साठीला आलेला, देवळाली प्रवराकडचा. साखर कारखान्यात उभी हयात घालवून आता इथं खाकी घालून बसलेला. स्वभावानं कडक, पण भिमाबाईला बहीण मानायचा. तिनं पिशव्या सोडवून डबी त्याच्या हातात दिली.

"आज काय, बाई?"

"लवंग," ती म्हणाली. आसारामला खरं सांगितलं तर तो पोरांना इशारे करील, असं तिला वाटलं. तेवढी शहाणी होती ती.

आसारामनं रबर काढलं, झाकण उघडलं आणि डबी मांडीवर ठेवली. डबे उतरवून ती रोज माघारी फिरायची, आत जाताना ज्याचा तो आपला डबा उचलायचा. आज लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. तिथंवर हिंग येत होता.

रांग सरकायला लागली. पहिला तिच्याच मेसचा गडी होता. त्यानं मास्क ओढला, नाक घातलं, आणि त्याचा चेहरा कडू झाला. त्यानं डबीकडं बघितलं, मग झाडाखाली उभ्या भिमाबाईकडं बघितलं. आता म्हणेल, आता म्हणेल.

"लवंग," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, आणि तिच्याकडं बघून डोळा मिचकावला.

तिला काही समजेना. दुसरा आला. नाक आक्रसलं, मान मागं गेली, डोळ्यात पाणी आलं. "लवंग." तिसरा ठसकला आणि ठसकत ठसकत म्हणाला, "लवंग हाय." पोरांना वाटलं, मावशीची चूक झालीय, मावशी गडबडीत दुसरंच घालून बसली, साहेबाला कळू द्यायचं नाही, सांभाळून घ्या. तिच्या मेसच्या पोरांत मागपर्यंत तसं पोचलंही. तिच्या हातचं खाणारा प्रत्येक जण हिंग हुंगत होता आणि लवंग म्हणत होता. आता हसावं का रडावं? एके काळी जिच्या आमटीला कुणी शिवत नव्हतं, तिच्याच शब्दापुढं पोरं आज स्वतःचं नाक खोटं पाडत होती. कुठल्या आईला याचा आनंद झाला नसता? भिमाबाईचा मात्र सगळा हिशोब बुडाला.

अजिनाथ आला. "लवंग." त्याचं काय, त्याला दोन्ही सारखंच.

मग प्रवीण आला. त्यानं मास्क खाली केला. डबीत नाक घातलं. ती टाचा वर करून बघत होती. त्याचा चेहरा हलला नाही. पापणी हलली नाही. तिसऱ्यासारखा ठसकला नाही. "लवंग," म्हणाला, मास्क वर केला आणि आत गेला. आत गेल्यावर भिंतीला हात टेकून उभा राहिला, तेवढं तिनं बघितलं.

त्याच्यामागनं दुसऱ्या मेसातली बिहारची पोरं होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"हींग है, चाचा."

"बाजूला हो," आसाराम म्हणाला.

"अरे, हींग ही तो है!"

"बाजूला हो म्हनलं ना. नाक गेलंय तुझं." दुसरा आला, तोही हिंग म्हणाला. त्यालाही बाजूला काढलं. तिसरा, चौथा. गेटाच्या कडेला धडधाकट पोरांची ओळ लागली आणि जी खोटं बोलली ती आत मशीनवर चालली होती. एकजण तर चवताळला. "पूरा गेट महक रहा है, चाचा! आप खुद सूँघ लो!"

गलका ऐकून शौनक साहेब बाहेर आला. आल्याबरोबर थबकला. "आसाराम, इथं हिंग कुणी सांडलाय?"

"साहेब, तुमी बी?" आसाराम हसला. "लवंग हाय हो. बाईनं स्वतः दिलीय. हे बघा." त्यानं मास्क खाली ओढला, डबी नाकाला लावली आणि छाती फुगवून वास ओढला. "लवंग."

साहेब दोन पावलं मागं सरला.

त्यानं पुन्हा ओढला. मग आणखी जोरानं. डबी नाकाला चिकटली, तेल नाकाला लागलं. रोज सकाळी या माणसानं एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन डबी धरली होती, एकेकाचं मनगट हातात घेतलं होतं. आख्खी पाळी त्याच्या श्वासातनं आत गेली होती. आसारामच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं भिमाबाईकडं बघितलं. खाकीतला तो कडक माणूस एकदम गरीब दिसायला लागला.

"बाई," तो म्हणाला, "तुमीच सांगा. लवंग हाय का न्हाई?"

ती 'हाय' म्हणाली असती तर भागलं असतं. साहेबानं डबी फेकून दिली असती, चूकभूल म्हणून सोडून दिलं असतं, आसारामची खाकी राहिली असती, प्रवीणचं मशीन राहिलं असतं, संध्याकाळी सतरंज्या भरल्या असत्या. झाडाखालनं ती पुढं आली.

"हिंग हाय, भाऊ," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं तुमाला. साहेब, मी रोजच सांगत हुते ह्यांना. भाकरीबरोबर सांगत हुते, आज काय घातलं ते. कारभारी माझ्याच शब्दावर आत गेला. त्याच्या नाकात काय बी शिरत नव्हतं."

"मावशी!" शौनक साहेब एवढंच म्हणाला.

"मला मागनं बोला. आधी माझ्या पोराला भाईर काढा." आणि तिनं गेटाच्या गजांना धरून हाक मारली, "प्रवीण! ये भाईर!"

प्रवीण आला, पण गेटाच्या आतच थांबला. सगळी पाळी बघत होती. "आई, घरी जा."

"तुला कसला वास आला?"

"समदे जे म्हनले ते मी म्हनलो." त्यानं दम घेतला. "त्यांना बी हिंग आला आन लवंग म्हनले. मी बी म्हनलो. इचार त्यांना."

"व्हय मावशी," मागनं कुणीतरी म्हणालं, "तू सांगितलं म्हनून म्हनलो आमी."

बोलणं बिनतोड होतं. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"माझी आन हाय तुला," ती म्हणाली. "खोटं बोललास तर माझं मढं बघशील. माझी शपथ घिऊन म्हन, वास आला."

प्रवीणनं ओठ उघडले. आरती म्हणायची, हा माणूस देवाला भीत नाही, आईच्या आणेला भितो. त्याचे ओठ तसेच राहिले. मग त्यानं मान खाली घातली, दिंडीदरवाजातनं बाहेर आला आणि आसारामच्या शेजारी जाऊन उभा राहिला. भिमाबाई रडली ती तेव्हा. थोड्या वेळानं आतनं आणखी एक पोरगा आला. मग दोघं आले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

अजिनाथ आतच डबा छातीशी धरून उभा होता. "मावशी," त्यानं विचारलं, "आन हे डबं?"

तिनं सगळ्यांच्या हातांकडं बघितलं. पहाटेपासून थापलेल्या भाकऱ्या, तिनं फुंकून गार केलेली भाजी. घरात आजारी पोरगा, त्याच्या शेजारी बसून केलेलं सगळं. माणसांना एकेक करून सतरंजीवर आणायला तिला किती वर्षं लागली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

"उघडू नका," ती ओरडली. "कुनी उघडू नका. माझ्या हातचं खाऊ नका आज. ऐकलं का? माझ्या हातचं खाऊ नका."

पोरांनी डबे गेटाशी आणून ठेवले. ठेवताना कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही, आणि चौथ्यापाचव्यानंतर ती स्वतःच पाठमोरी झाली.

मंगल कार्यालयात करोनाचं सेंटर होतं, तिथं जायचं ठरलं. गाडी यायला उशीर होता. प्रवीण म्हणाला, चालत जातो, काय लांब हाय? तो पुढं निघाला. त्याच्यामागं बऱ्याच अंतरानं ती बाहेर आलेली पोरं, आणि शेवटी आसाराम. तो टोपी काढून हातात घेऊन चालला होता. भिमाबाई धावत प्रवीणच्या जवळ जायला निघाली, तसा त्यानं मागं वळून हात आडवा केला.

"लांब चाल, आई. लांबनं."

रस्ता तापला होता. ट्रक अंगावरनं जात होते. ती कडेकडेनं चालली, मध्ये चार-पाच माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. थोडं गेलं की प्रवीण थांबायचा, गुडघ्यावर हात टेकून दम घ्यायचा. तो थांबला की तीही जागच्या जागी थांबायची, आणि तो चालायला लागेपर्यंत पाऊल उचलायची नाही.